सुनेलाही चिठ्ठी लागते

माझे सासरे, म्हणजे मामंजी, तापातसुद्धा नियमानं वागायचे. एकदा त्यांना एकशे तीन ताप होता, घसा सुजलेला. कोणतं औषध घ्यायचं ते त्यांच्याइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते औषध त्यांच्याच दुकानात होतं. पण संध्याकाळी डॉक्टर येऊन चिठ्ठी लिहून देईपर्यंत त्यांनी एक कॅप्सूल तोंडात टाकली नाही. चिठ्ठी आल्यावर अंगावर चादर लपेटून खाली उतरले, काउंटरच्या आत गेले, चिठ्ठी वाचली, कपाट उघडलं, औषध काढून काउंटरवर ठेवलं, आणि मग वळसा घालून बाहेरच्या बाजूला आले आणि गिऱ्हाइकासारखं ते उचललं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

गावात औषधांचं दुकान एकच, ते आमचं. खाली दुकान, वर आम्ही. लोक मामंजींना चिठ्ठीमास्तर म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही, असा माझा संशय आहे. तुम्ही दुकानात पाय टाकून काही बोलायच्या आत त्यांचा हात पुढे आलेला असायचा, तळवा वर.

त्यांची आणखी एक सवय होती आणि सगळं रामायण तिथूनच घडलं. तरुणपणी कधीतरी त्यांनी चिठ्ठीतला एक आकडा चुकीचा वाचला होता. तसं काही बिघडलं नाही. तो माणूस चौदा तास झोपला आणि ताजातवाना होऊन उठला. पण मामंजींनी धसका घेतला. तेव्हापासून प्रत्येक चिठ्ठी आधी मोठ्यानं वाचायची आणि मगच कपाट उघडायचं. म्हणजे वाचण्यात चूक झालीच तर गिऱ्हाईक तरी सांगेल! आता गिऱ्हाईक काय सांगणार? डॉक्टरांचं अक्षर म्हणजे शाईत पडलेली मुंगी पाय ओढत कागदावरून गेल्यासारखं. पंचक्रोशीत ते वाचता येणारा माणूस एकच, आमचे मामंजी. पण ते वाचायचे, खणखणीत आवाजात, नावापासून. त्यामुळे सगळ्या गावाला सगळ्यांचे आजार पाठ होते. शिंप्याची मूळव्याध आम्हाला त्याच्या बायकोआधी कळली होती.

मी उजव्या बाजूला बसायचे. साबण, पावडर, कंगवे, कापूस, बाळांच्या दुधाच्या बाटल्या हे माझं राज्य. डाव्या बाजूची काचेची कपाटं मामंजींची. त्यातलं कोपऱ्यातलं एक कुलपात असायचं, किल्ली त्यांच्या कमरेला. त्याच्या वरच्या फळीवर गर्भनिरोधक गोळ्यांची फिकट गुलाबी पाकिटं होती. ती कधी विकली जात नसत; मुदत संपली की मामंजी नवी मागवून ठेवायचे. गावातल्या ज्या बायका गोळ्या घ्यायच्या त्या चिठ्ठी पर्समध्ये दडवून दोन तास बसनं शहरात जायच्या, कारण मामंजींच्या खणखणीत आवाजात स्वतःचं नाव आणि त्या गोळ्यांचं नाव एका दमात ऐकायची कुणाची छाती होती? मी रोज सकाळी त्या काचेवरून फडकं फिरवायचे. काच लखलखीत. आत पाकिटं तशीच.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. थोरला साडेतीन वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. आणि माझ्या हातात शहरातल्या औषधशास्त्राच्या शाळेचं पत्र होतं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, पास झालं की स्वतःचा परवाना. मामंजी चौसष्टचे होते आणि त्यांच्यानंतर दुकानाला परवाना कुणाचा हा प्रश्न त्यांना रोज पडायचा. त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे आमचे हे, टेलिफोनचे खांब चढायचे. त्यांना औषधांतलं एवढंच कळायचं की कडू असतं. तेव्हा मामंजींनीच मला अर्ज आणून दिला होता, त्यांनीच पेन दिलं होतं.

गंमत म्हणजे ते पत्र मला दुसऱ्यांदा आलं होतं. पहिल्यांदा आलं तेव्हा आम्ही दोघांनी शाळा सुरू होईपर्यंत शहाण्यासारखं वागायचं, वेगवेगळ्या भिंतींकडे तोंड करून झोपायचं, असा ठाम निश्चय केला होता. धाकटी ही त्या निश्चयाची लेक. माझी जागा गेली. शाळेचा नियम सरळ होता. गरोदर बाईला प्रवेश नाही आणि मध्येच दिवस राहिले तर नाव कमी. शिवाय सत्तावीस पूर्ण झाल्यावर अर्जच करता येत नव्हता. म्हणजे या वेळी हुकलं की कायमचं हुकलं. निश्चयावर आता माझा काडीचा विश्वास उरला नव्हता.

म्हणून मी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर मामंजींचे बुद्धिबळाचे जोडीदार. दर रविवारी आमच्या घरी यायचे, पण पटावरून नजर हलली तर शपथ. माणूस चांगला. अर्धं गाव त्यांच्याच हातून जन्मलं होतं, आणि बहुधा म्हणूनच उरलेलं जन्माला येऊ नये असं कुणी म्हटलं की त्यांना जरा वैयक्तिक वाटायचं.

"काय गं पोरी, सासूला विचारलंस?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"नाही."

"नवरा कुठंय?"

"बाहेर बसलाय."

"बोलाव त्याला. दोन्ही मुलगेच का?"

"एक मुलगा, एक मुलगी."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, जणू जोडी जुळल्यामुळे परवानगी मिळत होती. ह्यांनी आत येऊन मान डोलावली, डॉक्टरांनी कागदावर मुंगी सोडली आणि म्हणाले, "एका महिन्याच्या देतो. पुढचं बघू. पण पुढच्या महिन्यात मी इथं नाही हं, लेकीकडे चाललोय दोन महिने. चिठ्ठी महिनाभर चालते, तेवढ्यात घेऊन टाक."

चिठ्ठी मिळाली. प्रश्न होता ती मामंजींपुढे धरायची कुणी?

मी सांगितलं, "तुम्ही जा. तुमचे वडील आहेत."

"माझे वडील आहेत म्हणूनच तर!" हे म्हणाले. पण गेले. मी साबणांच्या मागून पाहत होते. चाळीस फुटांच्या खांबावर वाऱ्यात एका हातानं लटकणारा माझा नवरा काउंटरपुढे उभा राहिला. मामंजींचा हात पुढे आला. ह्यांचा हात खिशात गेला. खिशातच राहिला.

"काय रे, काय हवंय?"

"खोकल्याचं औषध," हे म्हणाले, आणि पुराव्यादाखल खोकले.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही. घरात खोकल्याच्या तीन बाटल्या झाल्या आणि सासूबाई ह्यांना छातीला चोळायला तेल गरम करून देऊ लागल्या. शेवटी हे म्हणाले, "मी सरळ शहरात जाऊन आणतो," पण त्या महिन्यात वादळानं खांब पडले, सुट्टी काही मिळेना. मी एकटीनं दोन पोरं सासूबाईंवर टाकून चार तासांच्या प्रवासाला जायचं तर कारण सांगायला हवं. मी मुळात खोटं बोलण्यात कच्ची. खरं सांगते, त्या कपाटाची किल्ली मामंजींच्या कमरेवरून कशी काढता येईल याचाही विचार मी केला होता. जेवल्यावर त्यांना डुलकी लागायची. पण त्या माणसाच्या दुकानातून चोरायचं? ज्यानं स्वतःच्या तापालाही चिठ्ठी मागितली? हात धजला नाही.

महिना सरला. डॉक्टर लेकीकडे गेले.

आणि एका सकाळी सासूबाईंनी धुवायला टाकलेल्या कपड्यांतून ह्यांचा शर्ट उचलला.

आता त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मुलगा महिनाभर खोकतोय. विचारलं तर "काही नाही आई" म्हणतोय. सुनेचं तोंड उतरलेलं. आणि खिशात डॉक्टरांची चिठ्ठी, घडी घालून घालून चिरा पडलेली, म्हणजे कुणीतरी ती लपवून फिरतंय. चिठ्ठीवरचं एक अक्षर सासूबाईंना लागलं नाही, नावसुद्धा. पण त्यांच्या मनानं जे वाचायचं ते वाचलं.

सकाळी साडेदहाची वेळ, दुकान भरलेलं. शिंपी होता, मास्तरीणबाई होत्या, अंगठ्याला फडकं बांधलेला एक सुतार होता. सासूबाई कधी दुकानात येत नसत. त्या मागच्या जिन्यानं उतरल्या, हात ओलेच, आणि चिठ्ठी मामंजींपुढे काउंटरवर आपटली.

"वाचा!"

"अगं, रांग आहे..."

"रांग गेली खड्ड्यात. माझ्या पोराला काय झालंय ते वाचा. मोठ्यानं वाचा. मला लपवाछपवी नको."

मी चिठ्ठी ओळखली आणि ताडकन उठले. "आई," मी म्हणाले, "आई, थांबा, ती..." पण मामंजींनी चष्मा वर सरकवला होता. चिठ्ठी हातात आली की त्या माणसाचं तोंड आपोआप चालू व्हायचं, गाडीला किल्ली दिल्यासारखं. डोकं मागून यायचं.

त्यांनी माझं नाव वाचलं. माझं वय वाचलं. गोळ्यांचं नाव वाचलं, स्पष्ट, प्रत्येक अक्षर सुटं. "रोज एक. पाळीच्या पहिल्या दिवसापासून. एकवीस दिवस. मग सात दिवस..." आणि इथं डोकं येऊन पोचलं.

भिंतीवरच्या घड्याळालाही अवघडल्यासारखं झालं असेल. मास्तरीणबाईंनी एक कंगवा उचलला आणि त्याचे दात मोजायला लागल्या. शिंपी "अरे वा" म्हणाला आणि मग आपण असं का म्हणालो याचा विचार करत छताकडे बघत राहिला.

"म्हणजे," सासूबाईंनी विचारलं, "पोरगं बरं आहे?"

"पोरगं ठणठणीत आहे," मामंजी पुटपुटले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला.

"मग ह्या कसल्या गोळ्या?"

मामंजींनी चिठ्ठीवरची तारीख पाहिली आणि बुडत्याला ओंडका सापडावा तसे तिला चिकटले. "ही जुनी आहे. पाच दिवस वर झालेत. मुदत संपली. देता येणार नाही." आणि चिठ्ठी पालथी घालून ठेवली. "पुढे कोण आहे?"

पुढे सुतार होता. त्यानं अंगठा दाखवला.

सासूबाईंनी मला हाताला धरून वर नेलं. मला वाटलं आता आपली खैर नाही. स्वयंपाकघरात नेऊन बसवलं, दार लोटलं आणि समोर बसल्या.

"सांग."

मी सगळं सांगितलं. गोळी काय करते, का हवी आहे, शाळा, सत्तावीस, खोकला, सगळं. त्या ऐकत होत्या. मध्ये एकदा फक्त म्हणाल्या, "त्या तेलानं मी त्याची छाती सोलून काढली गं," आणि पुन्हा ऐकू लागल्या.

मग त्यांनी विचारलं, "या गोळ्या नव्या निघाल्यात का?"

"नाही हो आई. जुन्या आहेत."

"किती जुन्या?"

"आपल्या दुकानात वीसेक वर्षं तरी असतील. वरच्या फळीवर असतात, कोपऱ्यातल्या कपाटात."

त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांना सहा बाळंतपणं झाली होती. त्यातली शेवटची तीन या वीस वर्षांतली. तिन्ही मुली, त्यांतल्या दोन आठवडाभरसुद्धा जगल्या नाहीत, आणि तिसरी माझी नणंद, जी झाली तेव्हा सासूबाई चार महिने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या जमिनीकडे बघत होत्या. आमच्या स्वयंपाकघराच्या अगदी खाली ते कपाट यायचं.

"म्हणजे मी इथं वर ओकाऱ्या काढत होते," त्या हळूच म्हणाल्या, "आणि त्या तिथं खाली होत्या."

"मला कुणी सांगितलं नाही गं," त्या म्हणाल्या. मग उठल्या, पाणी प्यायल्या, आणि आवाज एकदम बदलला. "शाळा कधी सुरू होतेय तुझी?"

"दोन महिन्यांनी."

"आणि तो डॉक्टर?"

"दोन महिन्यांनीच येणार. शहरातल्या इस्पितळात नंबर लागायलाही तेवढेच दिवस लागतात."

"तोवर निश्चय करणार का तुम्ही?"

मी धाकटीकडे पाहिलं. ती चमचा चाटत होती. सासूबाईंनीही तिच्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघी एकाच वेळी हसायला लागलो. हसू आवरेना. खाली मामंजींना काय वाटलं असेल कोण जाणे.

दुपारी दुकान तासभर बंद असायचं. मामंजी वर आले, हात धुतले, जेवायला बसले. ताटात काही नव्हतं.

"आज स्वयंपाक नाही?"

"आहे. तुमच्याकडे चिठ्ठी आहे का?" सासूबाई म्हणाल्या.

मामंजींनी चमचा खाली ठेवला. ते चिडले नाहीत, त्यांना चिडता यायचंच नाही. "अगं, हा माझ्या मर्जीचा प्रश्न नाही. कायदा आहे. आणि कायदा उगाच नाही. ही गोळी म्हणजे पेपरमिंट नव्हे. एखादीचा रक्तदाब वर असतो, एखादीला डोकं ठणकून डोळ्यापुढे काजवे चमकतात, एखादीच्या पायाच्या शिरेत रक्त साखळलेलं असतं. तिला ही गोळी दिली तर जीवाशी खेळ होईल. मी दुकानदार. हे सगळं तपासायचं काम डॉक्टरांचं. त्यांनी तपासलंय याची खूण म्हणजे चिठ्ठी. एवढंच आहे ते."

खरं सांगायचं तर मला ते पटत होतं. आजही त्यातलं निम्मं पटतं. सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"तपासलं का गं तुला त्यांनी?"

"नाही."

मामंजी हसले. "तपासल्याशिवाय लिहितील कसे? रक्तदाब घेतला असेल, तुमच्या लक्षात नसेल."

"नाही घेतला मामंजी. दंडाला पट्टा बांधलाच नाही."

"डोकेदुखीचं विचारलं असेल."

"नाही."

"पाय बघितले?"

"मी खुर्चीतून उठलेच नाही."

"धाकटी अंगावर पिते का, हे तरी?"

"ते पण नाही."

"मग विचारलं काय?"

"सासूला विचारलंस का, नवरा कुठंय, आणि दोन्ही मुलगेच का."

मामंजी माझ्याकडे बघत राहिले. तीस वर्षं रोज ढीगभर चिठ्ठ्या हाताखालून गेलेला तो माणूस. प्रत्येक चिठ्ठीमागे कुणीतरी पट्टा बांधलाय, नाडी धरलीय, प्रश्न विचारलेत, असं त्यांनी धरून चाललं होतं. त्यांचा सगळा जन्म त्या एका समजुतीवर उभा होता. मला त्या क्षणी त्यांची फार कीव आली.

"नुसतंच लिहून दिलं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"नुसतंच."

ते उठले. जेवले नाहीतच. खाली गेले, आणि पाचेक मिनिटांनी खालून हाक आली, "सूनबाई, जरा या."

काउंटरच्या आत त्यांनी एक खुर्ची ठेवली होती. ती आतल्या बाजूला ठेवलेली मी कधी पाहिली नव्हती. रक्तदाबाचं यंत्र काढलं होतं, विकायचं होतं तेच, खोक्यातून. एका पाकिटातला बारीक छपाईचा कागद उलगडून त्यांनी भिंग घेऊन वाचला होता आणि त्यातले प्रश्न एका कोऱ्या कागदावर उतरवून काढले होते. बारा प्रश्न. शटर अर्धं ओढलेलं. सासूबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर हाताची घडी घालून उभ्या.

"बसा," मामंजी म्हणाले. आणि पहिल्यांदाच, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, त्यांनी आवाज खाली आणला. मला ऐकू येईल इतकाच. "शेवटची पाळी कधी?"

मी सांगितलं. तेव्हा आम्ही दोघंही कापसाच्या गुंडाळीकडे बघत होतो.

"नियमित?"

"हो."

"डोळ्यापुढे काजवे? पायाला सूज? कावीळ कधी? विडी-सिगारेट?"

"मामंजी!"

"कागदावर आहे म्हणून विचारलं."

"ओढते ती, जिन्यात बसून," सासूबाई पायरीवरून म्हणाल्या. "विचारा, विचारा."

"धाकटी अंगावर?"

"सहा महिन्यांपूर्वीच सोडलं."

पट्टा बांधला. एकशे बारा, सत्तर. त्यांनी पुन्हा घेतला, दुसऱ्या हातावर. तेवढाच. कागदावर लिहिला, खाली तारीख घातली. मग बराच वेळ ते कागद हातात धरून उभे राहिले. मला वाटलं आता म्हणतील, सगळं ठीक आहे, डॉक्टर आले की बघू.

सासूबाई म्हणाल्या, "मलाही असं कुणी खुर्चीत बसवून विचारलं असतं तर बरं झालं असतं हो." भांडायच्या सुरात नाही. सहज.

मामंजींनी कमरेची किल्ली काढली. कपाट उघडलं. वरच्या फळीवरून दोन पाकिटं काढली, तारीख पाहिली, ती परत ठेवली, मागची नवी काढली. माझ्या हातात दिली. "पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करा. पोटरी दुखली, छातीत दुखलं, एका डोळ्यानं धूसर दिसलं, तर गोळी बंद आणि ताबडतोब मला सांगा. ताबडतोब! लाजत बसायचं नाही. दर रविवारी पट्टा."

मग ते काउंटरवर बसले आणि पत्र लिहू लागले. डॉक्टरांना. अमुक तारखेला, अमुक बाईला, चिठ्ठीशिवाय, अमुक प्रश्न विचारून, रक्तदाब मोजून, मी गोळ्या दिल्या. हे कायद्याला धरून नाही याची मला जाणीव आहे. आपणांस तक्रार करायची असल्यास हे पत्र पुरावा म्हणून वापरावे. खाली सही, परवान्याचा क्रमांक. मी म्हटलं, "मामंजी, हे कशाला? त्यांना कळणार कसं?"

"मला कळलंय ना," ते म्हणाले.

दोन महिने ते पत्र गल्ल्याशेजारी पेपरवेटखाली होतं आणि दोन महिने मामंजींची झोप उडाली होती. परवाना गेला तर दुकान गेलं, आणि दुकान गेलं तर मी शिकून तरी काय करणार? डॉक्टर आले त्या रविवारी पट मांडायच्या आधीच मामंजींनी पत्र पुढे केलं. डॉक्टरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. लाल झाले.

"चिठ्ठीमास्तर, तू? तुला कळतंय का तू काय केलंस? तुझा परवाना काढून घेतील."

"घेऊ देत. मला आधी एक सांग. तू हिचा रक्तदाब का नाही पाहिलास?"

"अरे, धडधाकट पोरगी आहे ती, दिसत नाही का?"

"मला दिसून चालत नाही. मी मोजलं."

सासूबाईंनी चहा आणून ठेवला आणि तिथंच बसल्या, जे त्या कधी करत नसत. घोडा, उंट, वजीर सगळे खोक्यातच होते. डॉक्टरांनी तो बारा प्रश्नांचा कागद मागितला. वाचला. बोटानं एका प्रश्नावर टिचकी मारली आणि म्हणाले, "हा विचारायलाच हवा. हा मी कधी विचारत नाही." मग मला म्हणाले, "इकडे ये गं," आणि स्वतःच्या बॅगेतला पट्टा काढून माझ्या दंडाला बांधला. त्यांच्या बॅगेत तो वर्षानुवर्षं होता. मग त्यांनी चिठ्ठी लिहिली, वर्षभराची, आणि मामंजींचं पत्र आणि तो प्रश्नांचा कागद एकत्र घडी करून खिशात टाकले. तक्रारीसाठी की प्रश्न हवेत म्हणून, ते मी विचारलं नाही. तक्रार कधी आली नाही. प्रश्नांच्या कागदाची एक नक्कल मात्र त्यांच्या दवाखान्यात भिंतीवर लागली.

त्यानंतर मामंजी चिठ्ठी मनात वाचू लागले. गावाची मोठी करमणूक गेली. शिंपी तर बोलूनही दाखवायचा.

शाळेच्या प्रवेशाच्या दिवशी मला सोडायला सगळी वरात निघाली. सासूबाई कडेवर धाकटीला घेऊन, मामंजी माझ्या कागदांची पिशवी छातीशी धरून. ह्यांना सुट्टी मिळाली नव्हती. मोठं सभागृह, पाचपन्नास जण रांगेत, बहुतेक सतरा-अठरा वर्षांची पोरं. टेबलामागे एक कारकून बाई, प्रत्येकाला एका सुरात तेच तेच विचारत होत्या. माझा नंबर आला. त्यांनी माझा फॉर्म पाहिला, मागे सासूबाईंच्या कडेवरची धाकटी पाहिली, आणि पेन थांबवलं.

"गेल्या वेळी तुम्हीच ना? जागा मिळूनही आला नाहीत?"

"हो."

"आता गरोदर आहात?"

"नाही."

"हे बघा, मागून वीस जण थांबलेत या जागेसाठी. सहा महिन्यांनी पोट घेऊन आलात तर मी नाव कापणार. पुढच्या दोन वर्षांचं काय?"

मागे ती सगळी अठरा वर्षांची पोरं कान टवकारून उभी. आणि मामंजी माझ्या शेजारून पुढे झाले. पिशवीतून रक्तदाबाचे आठ रविवारचे आकडे लिहिलेला कागद काढून टेबलावर ठेवला, त्याच्यावर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली आणि अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"बाई, माझी सून गर्भनिरोधक गोळ्या घेते. रोज. एकही चुकलेली नाही. मी स्वतः देतो. पुढचं विचारा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. सासूबाईंनी मागे वळून असं पाहिलं की हसणारा गप्प झाला.

कारकून बाईंनी कागद पाहिला, चिठ्ठी पाहिली, मामंजींना नखशिखान्त पाहिलं. मग शिक्का उचलला, माझ्या फॉर्मवर मारला, आणि टेबलावर जरा पुढे वाकून, एकदम निराळ्या, खालच्या आवाजात त्यांना विचारलं,

"आजोबा, तुमचं दुकान कुठंय हो?"